वेड घेऊन शहराला



मी पेडगावची. एवढं म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू येतं आणि तो लगेच वेड घेऊन पेडगावला जायची म्हण ऐकवतो. मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत ही म्हण मी इतक्या वेळा ऐकली, की आता मीच आधी खुलासा करून टाकते. म्हणीतलं पेडगाव ते आमचं नव्हे. ते अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथं बहादूरगड आहे, आणि बहादूरखान या मोगल सरदाराला शिवाजी महाराजांच्या माणसांनी तिथं कसं चकवलं, त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं. आमच्याकडे किल्ला नाही. कापूस आहे, सोयाबीन आहे, तूर आहे आणि एक रेल्वे स्टेशन आहे.

पण आज ती म्हण मी स्वतःच घेऊन आले आहे. कारण गेल्या हिवाळ्यात मी खरोखर वेड घेतलं आणि पेडगावाहून शहराला गेले. बरोबर तीन मुलं होती. माझा नातू सोळा वर्षांचा, पुतण्याची मुलगी पंधराची आणि शेजारचा एक मुलगा चौदाचा. या वयाच्या मुलांना घेऊन एका दिवसात शहर बघून यायचं, तर त्याची आखणी कशी करावी, एवढाच माझा आजचा विषय आहे. विषय लहान आहे. पण मी तो आधी एकदा बिघडवला आहे, म्हणून बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजते.

बिघडवला तो २०१८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत. घरातली आणि गल्लीतली मिळून सात मुलं, भाड्याची जीप आणि माझ्या हातात यादी. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की, शेवटी गुलमंडीवर खरेदी. पहाटे चारला निघालो आणि रात्री एक वाजता परत आलो. यादीतलं एकही ठिकाण सुटलं नाही. वेरूळची चौतीस लेणी आम्ही तासाभरात उरकली. दौलताबादच्या पायऱ्या मुलं पळत चढली आणि पळत उतरली, कारण मी खालून हाका मारत होते. दोघांना गाडी लागली, एकाची चप्पल तुटली. पण मी समाधानानं झोपले. एका दिवसात एवढं कोण दाखवतं?

पुढे चार वर्षांनी त्यांतला एक मुलगा लग्नघरात भेटला. पंगतीत शेजारी बसला होता. मी हौसेनं विचारलं, ‘‘काय रे, त्या सहलीतलं काय आठवतं?’’ तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, ‘‘आजी, तुमचं घड्याळ आठवतं. तुम्ही सारख्या घड्याळ पाहत होताव.’’

कैलास लेणं एका अखंड खडकातून, वरून खाली कोरत आणलेलं आहे. जगात त्याच्या तोडीचं काम शोधायला लागतं. मी त्या मुलाला त्याच्यासमोर उभं केलं होतं, आणि त्याच्या लक्षात राहिलं माझं मनगट. त्या पंगतीत जिलेबी मला गोड लागली नाही.

म्हणून या वेळी मी आधी वेळेचा हिशेब मांडला. तो तुम्हांलाही सांगते, कारण बाहेरगावी जाताना आपण पैशांचा हिशेब करतो, वेळेचा करत नाही. परभणीहून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचं औरंगाबाद, रेल्वेनं साडेतीन तासांच्या आसपास. सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस धरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. गाड्यांच्या वेळा बदलतात, त्या आदल्या दिवशी बघून घ्याव्यात. सगळी वजाबाकी केल्यावर प्रत्यक्ष शहरात आमच्या वाट्याला सहा तास येत होते. त्यांतला एक तास जेवणाचा. दीड तास रिक्षा, बस आणि पायी चालण्याचा. अर्धा तास पाणी, संडास-बाथरूम आणि ‘अमका कुठं गेला’ यासाठी. उरले तीन तास. श्रोतेहो, पहाटे उठून, रात्री उशिरा परतून, एका दिवसाच्या शहरात खरे तीन तासच हाती असतात. तीन तासांत तीन गोष्टी बघाव्यात. चौथी धरली, की घड्याळ हातात येतं.

वेरूळ-अजिंठा मी त्याच क्षणी खोडलं. वेरूळ शहरापासून तीस किलोमीटर, अजिंठा शंभर. ती जन्मात एकदा तरी बघायचीच, पण त्यांना त्यांचा स्वतंत्र दिवस द्यावा. आणि जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. शंभर कोस जाऊन कुलूप बघून आलेली माणसं मला माहीत आहेत.

मग तीन गोष्टी कोणत्या? इथं मी दुसरी सुधारणा केली. मागच्या वर्षाच्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर सहा तासांच्या सहा रेघा ओढल्या आणि कागद मुलांपुढे टाकला. म्हटलं, एक गोष्ट माझी, बाकीच्या तुमच्या. भांडा आणि ठरवा.

तीन दिवस भांडण चाललं. नातवाला मॉल हवा होता. शेजारच्या मुलाला सरकता जिना हवा होता. तो मॉलमध्येच असतो हे कळल्यावर दोघांची युती झाली. मी हसले नाही. आपल्याला वाटतं, गावाकडून जायचं आणि सरकता जिना काय बघायचा? पण ज्यानं तो पाहिलेला नाही, त्याच्या पोटात त्याच्यापुढे गोळा येतोच. पाऊल कधी टाकायचं हे एकदा कळलं, की पुढच्या वेळी शहरातला मुलगा आपल्याला हसणार नाही, एवढं साधं गणित त्या मुलाच्या डोक्यात होतं. ते मला पटलं.

पुतण्याची मुलगी काहीच बोलेना. तिसऱ्या दिवशी सगळे उठून गेल्यावर तिनं कागदावर बारीक अक्षरात लिहिलं, ‘विद्यापीठ’. मी विचारलं, ‘‘तिथं काय बघायचं गं?’’ तर म्हणाली, ‘‘गेटातून आत सोडतेत का, ते बघायचं.’’

ती दहावीत होती. पुढे काय, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. तिचे वडील, म्हणजे माझा पुतण्या, वाईट माणूस नाही. कर्ज फेडणारा, मुलीला सायकल घेऊन देणारा बाप आहे. पण शहराचं नाव काढलं की त्याचा चेहरा बंद होतो. ‘‘काकू, पोरीला रस्ता वलांडता येत नाही, ती तिथं राहणार कशी?’’ हे त्याचं उत्तर. त्याला मी काय सांगणार? मला स्वतःला तरी कुठं येत होता?

१९७७ साली मी डी.एड. करायला याच शहरात आले, अठरा वर्षांची. तेव्हा आपली लाइन मीटरगेज होती आणि कोळशाच्या इंजिनाची ठिणगी डोळ्यांत जाई. वडील सोडायला आले होते. स्टेशनपासून वसतिगृहापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. रस्ता त्यांनी विचारला, पैसे त्यांनी दिले, नाव-गाव त्यांनी सांगितलं. माया होती ती. पण ते गेल्यावर मला कळलं, की मला यांतलं काहीच येत नाही. पहिला महिनाभर मी समोरच्या दुकानातून साबण आणायला रस्ता ओलांडला नाही, मैत्रिणीकडून मागवला.

म्हणून या सहलीत मी माझी एकच गोष्ट ठरवली आणि ती कागदावर लिहिली नाही. शहरात उतरल्यावर मला काही म्हणजे काही आठवणार नव्हतं.

निघण्याआधीच्या बारीकसारीक गोष्टी सांगते. दिवस कामाचा निवडला, सुट्टीचा नव्हे. शाळेत रीतसर अर्ज देऊन मुलांची रजा घेतली. सुट्टीच्या दिवशी शहर आपल्याला फक्त आपल्यासारखे पाहुणेच दाखवतं. कचेऱ्या, कॉलेजं, ग्रंथालयं बंद असतात. प्रत्येकाच्या हातात एका पाकिटात सारखेच पैसे दिले. खाणं, सिटी बस, रिक्षातला वाटा, सगळं त्यातून. उरले तर ज्याचे त्याला, संपले तर मागायचे नाहीत. प्रत्येकाच्या खिशात एका चिठ्ठीवर घरचे दोन फोन नंबर, कारण मोबाइल असला तरी नंबर कुणाला पाठ नसतो, आणि मोबाइल नेमका नको तेव्हा मिटतो. शाळेचं ओळखपत्र गळ्यात नाही, खिशात. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, तिथं वय दाखवायला ते उपयोगी पडतं. आमचा चौदाचा गडी यावर रुसला. मला लहान पोरांत मोजू नका म्हणाला. तिकिटाचे पैसे पाकिटातच राहतील, असं सांगितल्यावर मात्र तो आनंदानं लहान झाला.

आणि एक गोष्ट आया-बहिणींसाठी. प्रवासात आपल्या मुली पाणी पीत नाहीत. दिवसभर तहान मारतात, कारण जायचं कुठं हा प्रश्न असतो. शाळेच्या सहलीत उन्हानं चक्कर येऊन पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. ते ऊन नसतं, ती तहान असते. म्हणून कुठंही पोचलो की पहिला प्रश्न बाथरूम कुठं, हा. तो मी मोठ्यानं विचारते, पुरुषांसमोर विचारते. मुलीला त्यातली लाज एकदा जाऊ द्यावी. पिशवीत तिची गरजेची वस्तू, साबणाचा तुकडा आणि जुना सुती पंचा असावा. स्टेशन, मकबरा, विद्यापीठ, अशी आमची ठिकाणं या हिशेबानंही लावलेली होती.

शेवटचा नियम हरवण्याचा. गर्दीत कुणी चुकलं, तर शोधत फिरायचं नाही. त्यानंही नाही, आपणही नाही. सगळ्यांनी एका ठरलेल्या ठिकाणी यायचं. गुलमंडीच्या बाजारासाठी आमचं ठिकाण ठरलं पैठण गेट. हे बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. त्यांतला एक दरवाजा आपल्या कामाला लावायला काय हरकत आहे?

असे आम्ही निघालो. गंमत बघा, पेडगावला स्टेशन असून आधी उलट्या दिशेनं परभणीला जायचं, तिथं एक्स्प्रेस धरायची, आणि मग ती गाडी आपल्याच गावावरून धडधडत पुढे जाते. मुलं दाराशी दाटून उभी होती. स्वतःचं गाव आगगाडीतून मिनिटभरात मागे गेलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मानवत रोड, सेलू, परतूर, जालना. तिकडे पोचेपर्यंत डब्यातले दशम्या-चटणीचे दोन डबे रिकामे झाले होते.

स्टेशनबाहेर आलो आणि मी थांबले. म्हटलं, ‘‘बाबांनो, मला काही रस्ता आठवत नाही. पाट्याही दिसेनात.’’ नातू माझ्याकडे बघत राहिला. ‘‘आजी, तू तर इथं शिकलीस ना?’’ मी म्हटलं, ‘‘लई वर्षं झाली रे.’’ त्यानं मोबाइल काढला. मी सांगितलं, मोबाइल बघ, पण आधी दोन माणसांना विचार. मोबाइल रस्ता सांगतो, कुठली बस वेळेवर येते आणि रिक्षाचे किती द्यायचे, ते माणूसच सांगतो. पहिल्या माणसाशी तो इतक्या हळू बोलला, की त्या माणसाला वाटलं काही मागतोय. दुसऱ्याला नीट विचारलं. तिसऱ्या वेळेला पुतण्याची मुलगी पुढे झाली.

मकबऱ्यात आम्ही एक तास होतो. मी व्याख्यान दिलं नाही. एकच काम दिलं, संगमरवर कुठं संपतो ते शोधा. मुलं भिंतीला हात लावत, बोटांनी टिचक्या मारत फिरली. खालचा भाग आणि घुमट संगमरवरी, मधलं पुष्कळसं काम चुन्याच्या गिलाव्याचं, हे त्यांनीच मला येऊन सांगितलं. मग मी दोन गोष्टी सांगितल्या. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं आईसाठी ही कबर बांधवली असं मानतात. ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी त्या काळात या बाजूनं गेला. त्याला वाटेत संगमरवर वाहणाऱ्या तीनशे गाड्या दिसल्या आणि त्यांतल्या सर्वांत लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते. बैलांचा आकडा ऐकून आमची मंडळी गप्प झाली. एका बैलजोडीची वैरण किती लागते, ते त्यांना ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट अशी, की ज्या उस्ताद अहमद लाहोरीचं नाव ताजमहालाचा मुख्य शिल्पकार म्हणून घेतात, त्याच्या मुलानं, अताउल्लानं, हा मकबरा रचला. खर्चाचा आकडा सांगतात तो साडेसहा लाखांच्या वर. ताजचा तीन कोटींच्या पुढे. आणि लोक इथं येऊन काय म्हणतात? ताजची नक्कल. यावर नातू म्हणाला, ‘‘म्हणजे बापाच्या मार्कांवर पोराला मोजायचं.’’ तो पुढे पंधरा मिनिटं त्या इमारतीकडे वेगळ्याच आपुलकीनं बघत होता. सोळा वर्षांच्या मुलाला काय कुठं लागेल सांगता येत नाही. मी घड्याळ पिशवीत ठेवलं होतं.

पाणचक्की कागदावर नव्हती, पण वाटेवर होती आणि शेजारच्या मुलाला तिच्या नावाचं कुतूहल वाटलं. अठराव्या शतकातली ही चक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी तिच्यावर धान्य दळत. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंच चढवून खाली सोडायचं, आणि त्या पडत्या पाण्यावर जातं फिरवायचं. मुलानं सगळीकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘‘मोटार कुठंय?’’ मोटार नाही आणि वीजही नाही, यावर त्याचा विश्वास बसेना. त्याच्या घरी उन्हाळ्यात रात्री-बेरात्री वीज आली की बोअरवर धावावं लागतं. मग मी त्याला मलिक अंबरचं सांगितलं. लहानपणी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस, बाजारा-बाजारातून हिंडत दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० साली त्यानं खडकी वसवली, म्हणजे हेच शहर, आणि जमिनीखालून नहर खोदून त्याला पाणी दिलं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते या मुलांनी घरात ऐकलेलं आहे. चारशे वर्षांपूर्वी कुणाला तरी आधी पाण्याचं सुचलं होतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच काढलं.

मग विद्यापीठ. नागसेनवनाजवळून जाताना मी मुलांना एवढंच सांगितलं, की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली इथं कॉलेज काढलं, त्यालाच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणू लागले. तेव्हा मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. ते झालं २३ ऑगस्ट १९५८ रोजी, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचं नाव मिळालं. आधीच्या पिढीला शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे, तेही उर्दूतून.

प्रवेशद्वाराशी पुतण्याची मुलगी थबकली. पहारेकऱ्यानं काही विचारायच्या आत तीच म्हणाली, ‘‘आम्ही परभणीकडून आलोत. आतून बघायचंय.’’ त्यानं ओळखपत्र पाहिलं आणि हातानं वाट दाखवली. एवढंच झालं. आम्ही झाडांखालून चालत गेलो. मुली पुस्तकं घेऊन जात होत्या, कुणी पायरीवर बसून डबा खात होत्या. ती त्यांच्या चपलांकडे बघत होती. मला नंतर कळलं का ते. माझ्यासारख्याच चपला होत्या म्हणाली.

मॉल झाला, जिना झाला. शेजारच्या मुलानं तो अकरा वेळा चढला. आणि शेवटी एक मोकळा तास. हा तास कागदावर मुद्दाम कोरा ठेवला होता. मोठ्या मुलांना असा एक तास द्यावाच, ज्यात काही दाखवायचं नसतं. आम्ही औरंगपुऱ्याहून गुलमंडीकडे रमत निघालो. दुकानं, गर्दी, हॉर्न. वळून पाहिलं तर पुतण्याची मुलगी नाही.

फोन लावला, बंद. बॅटरी संपलेली. श्रोतेहो, त्या क्षणी माझी सगळी आखणी गळून पडली. मी आल्या वाटेनं धावत सुटले. दर दुकानात डोकावत होते. तिच्या बापाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. रस्ता ओलांडता येत नाही, असं तो म्हणाला होता. तेवढ्यात चौदाच्या त्या मुलानं माझा पदर धरला. ‘‘आजी, कामून पळायलाव? नेम तुम्हीच केलाव ना? गेटावर चला की.’’

मी त्याच्यामागून गेले. माझे पाय लटपटत होते. पैठण गेटपाशी ती उभी होती, हातात पेरू, काखेत एक जुनं पुस्तक. आम्हांला बघून म्हणाली, ‘‘किती उशीर केलाव! मी वीस मिनिटं झाली उभी हाय.’’

पुस्तकाच्या दुकानाशी थांबली होती. अकरावी विज्ञानाचं जुनं गणिताचं पुस्तक अर्ध्या किमतीत मिळत होतं, पाकिटातले पैसे मोजेपर्यंत आम्ही पुढे गेलो. मग एका बांगड्या विकणाऱ्या बाईंना विचारलं, त्यांनी वाट सांगितली, मधला मोठा रस्ता लोकांच्या घोळक्याबरोबर ओलांडला. पेरू त्या बाईंनीच दिला होता. मी तिला रागावणार होते. पण नियम कुणी पाळला आणि कुणी मोडला, हे दोन साक्षीदारांसमोर घडलं होतं. मी पेरूची फोड मागितली.

परतीच्या गाडीत तिघंही झोपली. परभणीला पुतण्या गाडी घेऊन आला होता. पेडगावच्या वाटेवर मागे बसलेली दोन्ही मुलं एकदम बोलत होती, जिना, बारा बैल, मोटारीशिवायची चक्की. हरवल्याची गोष्ट मी सांगणार नव्हते. तिनं स्वतःच सांगितली. पुतण्या गाडी चालवत होता, काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं,

‘‘रस्ता कसा सापडला?’’

‘‘विचारला.’’

‘‘वलांडला कसा?’’

‘‘लोकांसंगं.’’

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. गाव जवळ आलं तेव्हा तो आरशात बघत म्हणाला, ‘‘मुलींचं वसतिगृह बघितलंस का तिथलं?’’

‘‘बघितलं. भायेरून.’’

‘‘आतून बघायला पायजे होतं,’’ तो म्हणाला.

पुढचं अजून ठरलेलं नाही, आणि ठरलेलं नसताना मी इथं सांगू नये. एवढं सांगते, की कॅलेंडरचं ते पान मी जपून ठेवलं होतं. परवा पुतण्या आला आणि म्हणाला, काकू, तो गाड्यांच्या वेळांचा कागद द्या जरा. मी म्हटलं, वेळा बदलल्या असतील बाबा, मला काही आठवत नाही, तूच विचारून घे.